स्वतःची जागा सांगणाऱ्या संख्या

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शिक्षकांचे शिबिर होते. तिथे गणितावर बोलण्यासाठी मला बोलावले होते. चहाच्या सुट्टीत त्या शाळेच्या एक शिक्षिका नववीतल्या एका मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलाच्या हातात वही होती आणि तिच्यात ‘पाय’चे पहिले हजार अंक दहा-दहांच्या गटांत नीट उतरवलेले होते.

“सर, दशांशचिन्हानंतरचा ३५८वा, ३५९वा आणि ३६०वा अंक बघा,” तो म्हणाला. “३, ६, ०. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६० आणि पायमध्ये बरोबर ३६०व्या जागेवर ३६० संपतो. हे असं कसं झालं?”

“अरे, योगायोग आहे तो,” असे म्हणून मी त्याची पाठ थोपटली आणि पुढच्या व्याख्यानाला गेलो. मुलाने वही मिटली. परतीच्या एस.टी.त मात्र मला चुटपुट लागून राहिली. माझे म्हणणे बरोबर होते, पण मी त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिलेच नव्हते. तो योगायोग आहे हे मला कशावरून कळले? केवळ मी डॉक्टरेट मिळवली आहे म्हणून त्याने ते मान्य करायचे का? तसे असेल तर अंकांवरून भविष्य सांगणारा आणि मी यांत फरक काय राहिला? तेव्हा न दिलेले उत्तर आता सविस्तर देत आहे. वर्गात असे प्रश्न येतात, म्हणून ते शिक्षकांनाही उपयोगी पडावे.

आधी पडताळणी

कोणी काही अद्भुत सांगितले की पहिले काम म्हणजे ते खरे आहे का ते पाहणे. पुढेही उपयोगी पडतील म्हणून दशांशचिन्हानंतरचे पहिले शंभर अंक इथे देतो :

१४१५९२६५३५ ८९७९३२३८४६ २६४३३८३२७९ ५०२८८४१९७१ ६९३९९३७५१०
५८२०९७४९४४ ५९२३०७८१६४ ०६२८६२०८९९ ८६२८०३४८२५ ३४२११७०६७९

आणि ३५१ ते ३६० या जागांवरचे दहा अंक असे आहेत : ७८९२५९०३६०.

म्हणजे मुलाचे निरीक्षण अचूक होते. ३६० ही संख्या खरोखरच ३६०व्या जागेवर संपते. आता ‘कसे झाले’ याकडे वळू.

अशा किती संख्या सापडायला हव्यात?

क्षणभर असे धरू की पायचे अंक दहा चिठ्ठ्यांमधून दर वेळी एक उचलावी तसे येतात, म्हणजे प्रत्येक जागी ० ते ९ यांपैकी कोणताही अंक येण्याची शक्यता सारखीच. (हे गृहीतक आहे. त्याच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.)

तीन अंकी संख्या १०० ते ९९९, म्हणजे एकूण ९००. यांपैकी कोणतीही एक घ्या, उदाहरणार्थ ४७५. ती स्वतःच्या जागेवर संपण्यासाठी ४७३, ४७४ आणि ४७५ या जागांवर अनुक्रमे ४, ७ आणि ५ हेच अंक हवेत. याची शक्यता १/१० × १/१० × १/१०, म्हणजे १/१०००. अशा ९०० संख्या असल्यामुळे अपेक्षित यश ९०० × १/१००० = ०.९.

आता चार अंकी संख्या पाहा. त्या ९००० आहेत आणि प्रत्येकीची शक्यता १/१०,०००. गुणाकार पुन्हा ०.९! पाच अंकी घ्या, वीस अंकी घ्या, उत्तर तेच. संख्या लांब होत जाते तसे जुळणे दसपट अवघड होते, पण उमेदवारही दसपट वाढतात. दोन्ही गोष्टी एकमेकींना अगदी तोलून धरतात.

याचा अर्थ असा की प्रत्येक लांबीच्या संख्यांमध्ये सरासरीने जवळजवळ एक तरी ‘स्वतःची जागा सांगणारी’ संख्या अपेक्षितच आहे. अपेक्षा ०.९ असताना एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के येते आणि निदान एक सापडण्याची ५९ टक्के. तेव्हा तीन अंकी संख्यांत अशी एक सापडली यात नवल नाही. सापडली नसती तरीही नवल नव्हते.

प्रत्यक्षात किती सापडल्या?

गणिताचा अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहायला हवा. संगणकाने ज्या यादीचा शोध घेतला गेला आहे ती ‘स्वतःच्या जागेवर सुरू होणाऱ्या’ संख्यांची आहे. शक्यतेचे गणित मात्र तेच. दशांशचिन्हानंतरच्या पहिल्या अंकाला पहिली जागा मानली, तर एक अंकी ते नऊ अंकी संख्यांमध्ये अशा पाच आहेत :

१, १६,४७०, ४४,८९९, ७,९८,७३,८८४, ७१,१९,३९,२१३.

पहिली तर वर दिलेल्या अंकांत लगेच दिसते. पहिल्या जागी १ आहे. दोन, तीन आणि चार अंकी एकही नाही, पाच अंकींत मात्र दोन. नऊ लांबींची मिळून अपेक्षा ९ × ०.९ = ८.१ होती आणि सापडल्या पाच. थोडे कमी पडले, पण पाच किंवा त्याहून कमी सापडण्याची शक्यता शंभरात सुमारे अठरा आहे, म्हणजे काळजीचे कारण नाही. चिठ्ठ्या उचलण्याचे आपले गृहीतक इथे ठीक चालले.

आता मोजण्याची पद्धत जरा बदलू. दशांशचिन्हापूर्वीच्या ३ ला पहिली जागा दिली, तर ही सगळी यादी गळून पडते आणि नवीन तयार होते : ५, २,४२,४२४, २,७१,०७०, आणि पुढे आणखी काही. (३, १, ४, १, ५ : पाचव्या जागी ५.) यातली २,४२,४२४ ही संख्या पाहा. २४ तीनदा, आणि तीही आपल्याच जागेवर! ही कोणाच्या नजरेस प्रथम पडली असती तर दिवसाच्या चोवीस तासांशी तिचे नाते जुळवायला किती वेळ लागला असता?

पण ३६०च का?

मुलगा इथे थांबणार नाही, आणि थांबूही नये. तो म्हणेल, “सर, एखादी संख्या जुळणार हे कळलं. पण नेमकी वर्तुळाचीच संख्या का जुळावी?”

यासाठी आपण किती दारे उघडी ठेवली होती ते मोजू. संख्या स्वतःच्या जागेवर सुरू झाली असती तरी आपण आश्चर्य केले असते, संपली तरी केले, आणि तिचा मधला अंक त्या जागेवर आला असता तरी केलेच असते. नुसत्या या तीन प्रकारांनीच तीन अंकी संख्यांची अपेक्षा २.७ होते आणि निदान एक जुळण्याची शक्यता ९३ टक्क्यांवर जाते. ३ ला पहिली जागा दिली तर हेच ३, ६, ० अंक ३५९, ३६० आणि ३६१ या जागांवर येतात. तेव्हा आपण म्हणालो असतो, “पाहा, ३६० कसा बरोबर मध्यभागी बसला आहे!”

राहिला प्रश्न ‘अर्थपूर्ण’ संख्येचा. ३६० अर्थपूर्ण आहे, पण १८०ही आहे. ३१४, ३६५, १०८, १००, ४२०, २२७ (बावीस सप्तमांश!) यांपैकी कोणतीही जुळली असती तरी आपल्याला काहीतरी सापडल्यासारखे वाटले असते. अशा पन्नास संख्या धरल्या आणि प्रत्येकीला तीन प्रकारे जुळण्याची मुभा दिली, तर अपेक्षा ५० × ३ × १/१००० = ०.१५. म्हणजे साधारण सात वह्या तपासल्या तर एकीत असे काही सापडेल. आधी बाण मारायचा आणि मग तो रुतला त्या जागेभोवती वर्तुळ काढायचे, असा हा प्रकार आहे. नेम अचूक वाटतो खरा, पण वर्तुळ नंतर काढले आहे हे विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट. वर्तुळाचे ३६० भाग करण्याची प्रथा प्राचीन बाबिलोनी लोकांच्या साठाच्या गणनेतून आली. संख्या दहाच्या पटींत लिहिण्याची पद्धत आपल्या देशात घडली. दोन्ही माणसांच्या सोयी. परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर मात्र कोणाच्या सोयीचे नाही. बाराच्या पटींत संख्या लिहिणाऱ्यांनी पायचे अंक काढले तर त्यांच्या अंकांची ओळ सर्वस्वी वेगळी असेल आणि आपले हे आश्चर्य तिथे औषधालाही उरणार नाही. जी गोष्ट लिहिण्याची पद्धत बदलताच नाहीशी होते ती पायविषयी काही सांगत नसते.

ज्या योगायोगाला कारण निघाले

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील, की अंकांतली प्रत्येक गंमत हसून सोडून द्यावी. तसे मात्र नाही. हे उदाहरण पाहा.

चौदाव्या शतकात केरळात माधव या गणितज्ञाला माहीत असलेली आणि पुढे युरोपात ग्रेगरी व लायब्निट्स यांच्या नावाने ओळखली गेलेली श्रेणी आपल्या परिचयाची आहे : पायचा चतुर्थांश = १ − १/३ + १/५ − १/७ + ... ही श्रेणी फार सावकाश उत्तराकडे जाते. १९८८मध्ये नॉर्थ नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी तिची पाच लाख पदे घेऊन पायची किंमत काढली आणि ती खऱ्या किमतीशेजारी ठेवली :

श्रेणीवरून : ३.१४१५९०६५३५८९७९३२४०४६२६४३३८३२६९५०२८८...
खरी किंमत : ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४६२६४३३८३२७९५०२८८...

सहाव्या जागी चूक आहे. मग पुढचे सगळे अंक चुकलेले असायला हवेत. पण ते पुन्हा बरोबर आहेत! अठराव्या जागेपाशी पुन्हा चूक, मग पुन्हा सगळे बरोबर, तिसाव्या जागेपाशी पुन्हा चूक. नॉर्थ यांचा प्रश्न आपल्या मुलासारखाच होता : हे असे कसे झाले?

इथे कारण निघाले. जोनाथन आणि पीटर बोरवाइन हे बंधू आणि कार्ल डिल्चर यांनी १९८९मध्ये ते सविस्तर मांडले. खऱ्या किमतीतून श्रेणीची बेरीज वजा केली तर उरणारी चूक स्वतःच एका ठरावीक सूत्राने चालते : सहाव्या जागी २ कमी, अठराव्या जागी २ जास्त, तिसाव्या जागी १० कमी, बेचाळिसाव्या जागी १२२ जास्त. या फरकांची निम्मी १, १, ५, ६१ ही ऑयलर संख्यांची प्रसिद्ध मालिका आहे. पाच लाखांऐवजी पन्नास लाख पदे घेतली तर चुका सातव्या, एकविसाव्या, पस्तिसाव्या जागी सरकतात. म्हणजे नियम कळल्यावर पुढचे आधीच सांगता येते आणि सांगितलेले खरे ठरते.

३६० मध्ये आणि यात हाच फरक आहे. ३६० वरून पुढचे काहीही सांगता येत नाही.

याच जातीचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची ६१७४ ही संख्या. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडून येणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. १९९० घेतली तर ९९१० − ०१९९ = ९७११; ९७११ − ११७९ = ८५३२; ८५३२ − २३५८ = ६१७४. कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. कापरेकरांनीही अंकांशी खेळतानाच हे पाहिले होते. खेळणारा मुलगा आणि शोध लावणारा गणिती यांची सुरुवात सारखीच असते. वेगळेपण त्यानंतरच्या तपासात आहे.

तपास म्हणजे तीन साधे प्रश्न. मोजण्याची किंवा लिहिण्याची पद्धत बदलली तर गोष्ट टिकते का? हे सापडण्याआधी आपण किती ठिकाणी शोधले, किंवा किती ठिकाणी सापडले असते तरी चालले असते? आणि यावरून न पाहिलेल्या भागाबद्दल काही सांगता येते का?

तिसऱ्या प्रश्नाचा एक नमुना. पायच्या पहिल्या ५०० दशांश अंकांत ७ हा अंक अवघा ३६ वेळा येतो. अपेक्षा ५० ची आहे. पाय ७ ला टाळतो की काय? टाळत असेल तर पुढेही टाळायला हवा. पण पुढच्या ५०० अंकांत ७ चक्क ५९ वेळा येतो आणि हजारांचा हिशेब ९५ वर येऊन ठेपतो. नियम वाटला होता तो पुढच्याच पानावर विरून गेला.

जे अजून कोणालाच सिद्ध करता आलेले नाही

आता मघाच्या गृहीतकाकडे वळू. पायचे अंक चिठ्ठ्या टाकून ठरलेले नाहीत. प्रत्येक अंक कायमचा ठरलेला आहे. तरी ते चिठ्ठ्यांसारखे वागतात, असे आजवर मोजलेल्या सर्व अंकांवरून दिसते. २०२२मध्ये एमा हारुका इवाओ यांनी गूगलच्या संगणकांवर १०० लाख कोटी अंक काढले आणि त्यानंतर हा विक्रमही मागे पडला. पण दिसणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. ज्या संख्येत प्रत्येक अंक, प्रत्येक जोडी, प्रत्येक गट आपापल्या योग्य प्रमाणात येतो तिला ‘प्रसामान्य’ संख्या म्हणतात. एमील बोरेल यांनी १९०९मध्ये दाखवले की जवळजवळ सर्व संख्या अशा असतात. पाय त्यांत बसतो का, हे मात्र सिद्ध झालेले नाही. पायच्या दशांशात ७ हा अंक अनंत वेळा येतो एवढी साधी गोष्टसुद्धा कोणाला सिद्ध करता आलेली नाही.

डच गणिती ब्राउअर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हेच हेरून एक पेच टाकला होता. पायमध्ये ०१२३४५६७८९ हा क्रम कुठे येतो का? उत्तर काढण्याची पद्धतच ठाऊक नसताना ‘येतो किंवा येत नाही, दोहोंपैकी एक खरे’ असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार, असा त्यांचा सवाल होता. १९९७मध्ये जपानमध्ये कानादा आणि ताकाहाशी यांच्या गणनेत तो क्रम सापडला : १७,३८,७५,९४,८८०व्या जागेवर. दहा अंकांचा ठरावीक गट सरासरीने हजार कोटी जागांत एकदा यावा. आला तो सुमारे १,७३९ कोटींवर. ब्राउअर यांना दुसरे उदाहरण घ्यावे लागले असते, पण त्यांचा मूळ प्रश्न जागच्या जागी आहे.

तेव्हा स्वतःची जागा सांगणाऱ्या संख्या पायमध्ये अनंत असाव्यात असे आपण म्हणू शकतो, कारण प्रत्येक लांबीला ०.९ ची भर पडत राहते आणि ही बेरीज कुठे थांबत नाही. ‘आहेत’ असे म्हणता येत नाही.

याच्या उलट एक गंमत पाहा. पायचे सुरुवातीचे काही अंक लगेच पुन्हा जसेच्या तसे येतात का? म्हणजे ३३, किंवा ३१३१, किंवा ३१४३१४ अशी सुरुवात. एका अंकाची शक्यता १/१०, दोन अंकांची १/१००, तीनची १/१०००. इथे उमेदवार वाढत नाहीत, प्रत्येक लांबीला एकच असतो. सगळ्यांची बेरीज अवघी १/९. शिवाय वरचे शंभर अंक पुन्हा पाहा : ३ नंतर लगेच १, अशी जोडी त्यांत एकदाही नाही. पायची सुरुवात ३ ने होते आणि पुढचाच अंक १ आहे, म्हणजे ३३ गेले. ३१ ही जोडी नाही, म्हणजे दोन ते नव्याण्णव लांबीचे सर्व गट एका झटक्यात बाद. उरलेली शक्यता इतकी क्षुल्लक, की एकाला दोन किंवा तीन नव्हे, तर एकावर नव्याण्णव शून्ये असलेल्या संख्येने भागावे लागेल. दोन प्रश्न दिसायला भावंडे, पण एकाची आशा कधी संपत नाही आणि दुसऱ्याची सुरुवातीलाच संपते.

आणि संपूर्ण पायच पुढे कुठेतरी पायमध्ये पुन्हा सुरू होतो का? ३१४१५९ हे सहा अंक १,७६,४५१व्या दशांशस्थळापासून पुन्हा येतात. पण सगळाच्या सगळा पाय येणे अशक्य आहे, आणि हे सिद्ध करता येते. समजा, क जागा पुढे गेल्यावर पाय पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मग प्रत्येक अंक आपल्या क जागा पुढच्या अंकाइतका असेल, म्हणजे अंकांचा दशांश आवर्ती होईल. आवर्ती दशांश म्हणजे परिमेय संख्या. पाय अपरिमेय आहे हे लांबेर्ट यांनी १७६१मध्येच सिद्ध केले. शक्यता नाही, अपेक्षा नाही. इथे ठाम ‘नाही’.

वर्गात करून पाहता येईल

पायच्या हजार अंकांचा तक्ता वर्गात लावावा. निम्म्या मुलांना स्वतःच्या जागेवर सुरू होणाऱ्या, निम्म्यांना संपणाऱ्या संख्या शोधू द्याव्यात. दोन अंकींत दोन्ही प्रकारच्या एकही सापडणार नाहीत; तीन अंकींसाठी चिकाटी लागेल. मात्र शोधायला बसण्यापूर्वी प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा. बाण मारण्याआधी वर्तुळ काढण्याची सवय ती हीच. मग १२३४५६७८९१०१११२... असा अंकांचा तक्ता करावा. त्यात १ ते १० या दहाही संख्या आपापल्या जागेवर सुरू होतात, आणि त्याला सरळ कारण आहे. कारण असलेले आणि नसलेले शेजारी-शेजारी पाहिले की फरक मुलांच्या आपोआप लक्षात येतो.

त्या शिक्षिकांना मी पत्र पाठवले आहे आणि सोबत या लेखाची प्रत जोडली आहे. मुलासाठी एवढेच लिहिले आहे की तुझे निरीक्षण अचूक होते, त्याला योगायोग म्हणण्याचा अधिकार मला त्या दिवशी नव्हता, तो हा हिशेब केल्यावर मिळाला. आता हा हिशेब तू तपासून पाहा, आणि चूक सापडली तर कळव.